आधी उघडण्याचा विचार : एका ध्वनिसंग्रहाचे लिनक्सवरील स्थलांतर

एका ज्येष्ठ ध्वनिमुद्रकांनी वीसेक वर्षांत जमवलेला संग्रह त्यांच्या जुन्या विंडोज संगणकावरून लिनक्सवर आणून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी घातलेली अट एवढीच होती : "जागा किती वाचली याचा हिशेब मला नको. माझ्यामागे माझ्या मुलीला यातली कोणतीही फाईल उघडता आली पाहिजे, एवढे बघा." संगणकाच्या कामात इतकी स्वच्छ अट क्वचितच मिळते. कॉम्प्रेशनचे, म्हणजे फाईल दाबून लहान करण्याचे, साधन निवडताना आपण सहसा आकाराचे आणि वेगाचे तक्ते पाहतो, म्हणजे फाईल दाबणाऱ्याच्या बाजूने विचार करतो. इथे मात्र पहिल्या दिवसापासून उघडणाऱ्याच्या बाजूने विचार करणे भाग होते, आणि पुढे जे निर्णय घेतले, त्यांतले जे चुकले आणि बदलावे लागले, ते सगळे या एकाच अटीवर घासून पाहावे लागले.

डिस्क २ टेराबाइटची होती आणि जवळजवळ भरलेली होती. तिच्यावर मुख्यतः चार प्रकारचा माल होता. पहिला प्रकार म्हणजे मूळ मुद्रणांच्या वेव्ह फाईली. त्यांतल्या जुन्या २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या, तर अलीकडच्या काही वर्षांतल्या ३२ बिट फ्लोट, म्हणजे नमुने दशांश आकड्यांत ठेवणाऱ्या, आणि ९६ किलोहर्ट्झच्या होत्या. दुसरा प्रकार एका जुन्या, फक्त विंडोजवर चालणाऱ्या मल्टिट्रॅक संपादकाच्या सेशन फाईलींचा, म्हणजे कोणता आवाज कोणत्या ट्रॅकवर कसा लावला याच्या नोंदींचा, होता. तो संपादक बनवणाऱ्या कंपनीने त्याचे काम केव्हाच थांबवले होते आणि त्याची सेशन फाईल लिनक्सवरचा कोणताही कार्यक्रम वाचत नव्हता. तिसरा प्रकार त्या सेशनच्या तारीखवार झिप बॅकअपचा होता. शेकडो झिप फाईली आणि त्यांच्यात अधूनमधून काही फारच जुन्या एस (.ace) या दाबलेल्या स्वरूपाच्या फाईली. चौथा प्रकार शिकवण्यासाठी केलेल्या पडदा-मुद्रणांच्या एव्हीआय फाईलींचा होता. ज्या संगणकांवर हे सगळे उघडायचे होते ते दोन होते : डेबियन बसवलेला एक नवा डेस्कटॉप आणि २ गिगाबाइट मेमरीचा एक जुना लॅपटॉप. हा लॅपटॉप सुरुवातीला मी हिशेबात धरला नव्हता, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

कशालाही हात लावण्याआधी डिस्क फक्त वाचता येईल अशी माउंट केली, आरसिंकने तारखांसह संपूर्ण प्रत काढली आणि प्रत्येक फाईलचा शा-२५६ चेकसम, म्हणजे तिच्यातल्या बाइटांवरून काढलेला ओळखीचा ठसा, एका मजकूर फाईलीत उतरवून घेतला. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते न करता पुढे गेल्यास नंतर होणाऱ्या प्रत्येक रूपांतराची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

मूळ मुद्रणे : नाकारणारे साधन आणि निमूटपणे करणारे साधन

आवाजाच्या फाईली जीझिपने किंवा एक्सझेडने दाबण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि बहुधा निराशा पदरी पडते. ही साधने बाइटांच्या पुनरावृत्तीवर जगतात, आणि खऱ्या मुद्रणात तेच बाइट जसेच्या तसे सहसा पुन्हा येत नाहीत. ध्वनीसाठी बनवलेली लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणारी, साधने वेगळी रीत वापरतात. ती मागच्या नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधतात आणि अंदाज व प्रत्यक्ष यांच्यातला फरक तेवढा साठवतात. अंदाज चांगला असेल तर फरक लहान राहतो, आणि लहान आकडे थोड्या बिटांत मावतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ मुद्रण सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट खाते. ९६ किलोहर्ट्झ, ३२ बिट फ्लोट मुद्रण तासाला सुमारे २.७६ गिगाबाइट खाते. जागेचा प्रश्न असा खरा होता, फक्त तो पहिला नव्हता.

२४ बिट फाईलींसाठी फ्लॅक निवडण्यात फारसा विचार करावा लागला नाही. फ्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती २००१ साली आली, त्याचे विनिर्देश डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी या खुल्या दस्तऐवज-मालिकेत ९६३९ क्रमांकाने प्रसिद्ध झाले, आणि फाईलीच्या माथ्यावरच मूळ ध्वनीचा एमडी५ हा चेकसम लिहिलेला असल्यामुळे ती फाईल शाबूत आहे की नाही हे दुसऱ्या कोणत्याही नोंदीवाचून तपासता येते. एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्यावे लागले. मुद्रण-यंत्राने वेव्ह फाईलीत ध्वनीखेरीज मुद्रणाची वेळ आणि वर्णन यांचा एक वेगळा खंड लिहिलेला होता, आणि फ्लॅक असे अनोळखी खंड सांगितल्याशिवाय सोबत घेत नाही. ते गाळत असल्याची सूचना तेवढी देते. परका मेटाडेटा राखण्याचा पर्याय एन्कोड करताना द्यावा लागतो आणि परत वेव्ह करतानाही द्यावा लागतो. मी वीस फाईली अशा नेऊन-आणून त्यांचे शा-२५६ मूळ नोंदीशी ताडून पाहिले. ते जुळले, तेव्हा कुठे बाकीच्या फाईलींना हात लावला.

खरा धडा फ्लोट फाईलींनी दिला. त्यांतली पहिली फाईल फ्लॅकला दिली तेव्हा त्याने ती सरळ नाकारली, कारण वेव्हच्या शीर्षात स्वरूप क्रमांक ३ लिहिलेला होता. हा क्रमांक फ्लोट नमुन्यांचा आहे, आणि फ्लॅक फक्त पूर्णांक नमुने साठवते. तीच फाईल एफएफएमपेग या ध्वनी-चित्रफितींची रूपांतरे करणाऱ्या साधनाला दिली आणि फ्लॅक मागितली, तर त्याने विनातक्रार करून दिली. ती चालत होती, ऐकायलाही ठीक वाटत होती. पण टर्मिनलवरच्या ओळींच्या गर्दीत एका ठिकाणी "२४ बिट" असे लिहिलेले होते. म्हणजे एफएफएमपेगने मधल्या मध्ये फ्लोटचे पूर्णांकात रूपांतर केले होते आणि त्याबद्दल कोणताही इशारा दिलेला नव्हता.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. ३२ बिट फ्लोट मुद्रणाचा मोठा फायदाच असा आहे की आवाज पूर्ण मर्यादेच्या वर गेला तरी तो फाईलीत टिकून राहतो आणि नंतर पातळी खाली ओढून परत मिळवता येतो. पूर्णांक स्वरूपात मर्यादेवरचे सगळे छाटले जाते. मी एफएफएमपेगने केलेली ती फ्लॅक आणि मूळ वेव्ह शेजारी शेजारी उघडून एका टाळीच्या जागेपाशी थांबलो. मूळ लहरीचे टोक मर्यादारेषेच्या बरेच वर गेलेले होते आणि गोल होते; फ्लॅकमध्ये तेच टोक सुरीने कापल्यासारखे सपाट झालेले होते. पातळी कमी केल्यावर मूळ फाईल स्वच्छ झाली. फ्लॅक फाईलीतली टाळी मात्र फुटलेलीच राहिली. मूळ फाईल पुसून टाकलेली असती तर ते टोक कायमचे गेले असते. तेव्हापासून काम नाकारणारे साधन मला निमूटपणे करून देणाऱ्या साधनापेक्षा अधिक विश्वासाचे वाटते.

फ्लोट फाईलींसाठी शेवटी वेवपॅक घेतले. ते १९९८ पासून अस्तित्वात आहे, ३२ बिट फ्लोट जसेच्या तसे साठवते, आणि वेव्हचे शीर्ष व शेपूट मुळातूनच सोबत ठेवत असल्यामुळे उघडल्यावर फाईल बाइटन् बाइट तीच मिळते. ते फ्लॅकइतके सर्वत्र चालत नाही, हे खरे आहे. पण एफएफएमपेग ते वाचते, मुक्त स्रोत असलेला त्याचा स्वतःचा डिकोडर उपलब्ध आहे, आणि चुकीच्या पण लोकप्रिय स्वरूपापेक्षा बरोबर पण थोडे कमी परिचित स्वरूप या संग्रहासाठी योग्य होते. वेव्हच्या शीर्षात लांबी ३२ बिटांत लिहिली जात असल्यामुळे साधी वेव्ह फाईल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नाही. म्हणून ९६ किलोहर्ट्झ फ्लोट मुद्रण सुमारे ९३ मिनिटांनी यंत्राने आपोआप नव्या फाईलीत तोडलेले होते. ते तुकडे मी जोडले नाहीत. त्यांचा क्रम नावात स्पष्ट होता, आणि मूळ जसे आले तसे ठेवणे हेच इथले काम होते.

बॅकअप : क्रम बदलला आणि साधनाचा प्रश्न सुटला

तारीखवार झिप फाईलींमध्ये त्याच सेशनच्या, किंचित बदललेल्या, शेकडो प्रती होत्या. एक सेशन फाईल साधारण ३ मेगाबाइटची, आणि कालच्या व आजच्या प्रतीत फरक अगदी थोडा. अशा मालातून पुष्कळ जागा वाचायला हवी, पण झिपमध्ये ती वाचत नाही. एक तर झिप प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे दाबते, त्यामुळे कालच्या प्रतीतले साम्य आजच्या प्रतीला कळत नाही. शिवाय झिप आणि जीझिप ज्या डिफ्लेट पद्धतीवर चालतात तिची नजर मागे फक्त ३२ किलोबाइटपर्यंत पोहोचते. आधी दाबलेल्या झिप फाईली पुन्हा दाबूनही काही हाती लागत नाही, कारण दाबलेल्या बाइटांत पुनरावृत्ती उरलेलीच नसते. म्हणून सगळ्या झिप प्रथम उलगडल्या.

उलगडल्यावर जे दिसले त्याने आकाराचा बराचसा प्रश्न कॉम्प्रेशनवाचूनच सोडवला : जागा मुख्यतः त्याच त्या वेव्ह फाईलींच्या तंतोतंत प्रतींनी व्यापलेली होती. चेकसमवरून त्या ओळखल्या आणि प्रतींच्या जागी हार्ड लिंक, म्हणजे त्याच मालाची दुसरी नावे, केल्या. अनेक फाईली एकत्र बांधणारे टार हार्ड लिंक ओळखते आणि दुसऱ्या वेळी फक्त दुवा लिहिते. लहरींची चित्रे साठवणाऱ्या फाईली संपादक पुन्हा बनवू शकत होता, म्हणून मालकांना विचारून त्या वगळल्या.

उरलेल्या सेशन फाईलींवर मी माझी पहिली मोठी चूक केली. झेडस्टँडर्ड या दाबणाऱ्या साधनात दूरवरचे साम्य शोधण्याचा 'लाँग' नावाचा पर्याय आहे आणि त्याला ३१ हे मूल्य दिले तर त्याची नजर २ गिगाबाइटपर्यंत मागे जाते. वरून सर्वोच्च २२ वी पातळी लावली. निकाल फार देखणा आला आणि मी समाधानाने तो लॅपटॉपवर उघडायला घेतला. झेडस्टँडर्डने फाईल उघडण्यास नकार दिला : या फाईलीला मान्य मर्यादेपेक्षा जास्त मेमरी लागते, उघडतानाही तोच पर्याय द्या किंवा मेमरीची मर्यादा २०४८ मेगाबाइटपर्यंत वाढवा. ज्या यंत्रात एकूण मेमरीच २ गिगाबाइट आहे त्याला ही सूचना निरुपयोगी होती. डेस्कटॉपवरही टारला ती फाईल थेट दिली तर तोच नकार येत होता, कारण टार हा जादा पर्याय स्वतःहून पुढे देत नाही. मुलीने ही फाईल उघडायला घेतली असती तर तिला प्रथम टारचे, मग झेडस्टँडर्डचे आणि मग माझ्या हौसेचे ज्ञान लागले असते.

उपाय साधनात नव्हता, तो क्रमात होता. तारखेच्या फोल्डरप्रमाणे टार केल्यावर एका सेशनच्या दोन लागोपाठ प्रतींमध्ये त्या दिवसाचा बाकीचा सगळा माल येऊन बसतो. म्हणून साम्य शोधायला इतकी दूरची नजर लागत होती. मी फाईलींची यादी आधी सेशनच्या नावाने आणि मग तारखेने लावली आणि ती यादी टारला दिली. आता कालची प्रत आजच्या प्रतीला लागून होती आणि साम्य ३ मेगाबाइटच्या अंतरावर आले. एक्सझेड आपल्या नेहमीच्या ६ व्या पातळीवर ८ मेगाबाइट मागे पाहते, झेडस्टँडर्डची १९ वी पातळीही तेवढेच पाहते; दोघांनाही ते सहज सापडले. लाँग पर्याय न वापरता केलेली फाईल माझ्या पहिल्या देखण्या निकालापेक्षा थोडीच मोठी होती आणि लॅपटॉपवर एकाही पर्यायाशिवाय उघडली. जीझिपला मात्र या क्रमानेही काही फायदा झाला नाही, कारण ३ मेगाबाइट हे अंतर ३२ किलोबाइटच्या फार पलीकडे आहे.

एक्सझेड आणि झेडस्टँडर्ड यांच्यात झेडस्टँडर्ड घेतले ते उघडण्याच्या वेगासाठी. २०१६ साली त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली, त्याचे स्वरूप आरएफसी ८८७८ मध्ये नोंदलेले आहे, आणि दाबायला कितीही वेळ लावला तरी उघडण्याचा वेग फारसा घसरत नाही. जुन्या लॅपटॉपवर हा फरक हाताला जाणवतो. एक्सझेड नाकारण्यामागे मार्च २०२४ मध्ये उघड झालेली घातपाताची घटना नव्हती, हे मुद्दाम लिहितो, कारण मालकांनी त्याबद्दल विचारले होते. तेव्हा ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा पेरलेला सापडला. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षित प्रवेश देणाऱ्या सेवेने, लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून संगणक-अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला. तो दरवाजा एसएसएच सेवेसाठी होता, एक्सझेडच्या फाईल-स्वरूपात त्यामुळे काहीच बिघडले नाही. ज्यांचे संग्रह एक्सझेडमध्ये आहेत त्यांनी ते त्यासाठी हलवण्याचे कारण नाही.

एस फाईलींचे प्रकरण वेगळे होते आणि या संग्रहात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारे तेच होते. एस हे एके काळी चांगले दाबणारे म्हणून नावाजलेले बंद स्वरूप. त्याच्या उघडणाऱ्या लायब्ररीचा स्रोत ती वापरणाऱ्या विनरार या साधनाच्या निर्मात्यांकडे नव्हता. २०१९ साली तिच्यात एकोणीस वर्षे जुना धोकादायक दोष सापडला, तेव्हा ती दुरुस्त करता येईना, म्हणून विनरारने एसचा आधारच काढून टाकला. ज्या फाईली काल दुहेरी क्लिकने उघडत होत्या त्या आज उघडेनाशा झाल्या. आमच्या एस फाईली पायथनमध्ये लिहिलेल्या एसफाइल या मुक्त साधनाने उघडल्या आणि त्याच दिवशी मी त्यांतला माल बाहेर काढून इतर बॅकअपांत मिसळला. कोणी तरी ते स्वरूप बाइटाबाइटाने उकलून पुन्हा लिहिले म्हणून हे शक्य झाले. तसे कोणी तरी प्रत्येक स्वरूपासाठी भेटेलच असे धरून चालता येत नाही.

संपादक : वाइनमधून एकदाच, नीट

सेशन फाईली राखणे आणि त्या उघडता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संपादक चालला नाही तर झेडस्टँडर्डमध्ये ठेवलेल्या त्या फाईली म्हणजे किल्ली हरवलेल्या पेट्या. विंडोजसकट आभासी यंत्र ठेवण्याचा पर्याय मी विचारात घेतला आणि बाजूला ठेवला. त्यात एका संपादकासाठी संपूर्ण कार्यप्रणाली, तिचा परवाना आणि तिची देखभाल हे सगळे ओझे मुलीच्या गळ्यात पडले असते. त्याऐवजी विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणारे वाइन घेतले. ते १९९३ पासून विकसित होत आले आहे. ते विंडोजचे अनुकरण-यंत्र नाही; विंडोजच्या कार्यक्रमाने केलेल्या मागण्या ते लिनक्सला समजणाऱ्या मागण्यांत वळवून देते, म्हणूनच ते जुन्या लॅपटॉपवरही पेलते.

संपादकाच्या एक्सई फाईलीवर 'फाईल' ही कमांड चालवली, तेव्हा तो ३२ बिटचा असल्याचे कळले. म्हणून डेबियनमध्ये ३२ बिट पॅकेजांची सोय चालू करून वाइनचा ३२ बिट भाग बसवला, आणि या एका कार्यक्रमासाठी वेगळा वाइन-प्रिफिक्स, तोही वेगळ्या वापरकर्ता-खात्यात, तयार केला. प्रिफिक्स म्हणजे त्या कार्यक्रमापुरता खोटा सी-ड्राइव्ह आणि रजिस्ट्री. वाइनमधला कार्यक्रम आपले घरचे सगळे फोल्डर वाचू-लिहू शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वाइन हा काही पिंजरा नाही. म्हणून वेगळे खाते.

संपादक चिन्हावर क्लिक करून उघडला तर नुसताच नाहीसा होत होता. टर्मिनलमधून उघडल्यावर कारण लगेच दिसले : एमएफसी४२ ही लायब्ररी सापडली नाही, असा स्पष्ट संदेश. विनट्रिक्स या वाइनच्या जोडसाधनाने ती बसवली आणि संपादकाची खिडकी आली. पण पहिलेच सेशन उघडले तर सगळे ट्रॅक रिकामे, आणि प्रत्येक वेव्ह फाईलीबद्दल "सापडत नाही" अशी तक्रार. सेशन फाईल हेक्स दर्शकात उघडून पाहिली. तिच्यात प्रत्येक वेव्हचा पूर्ण पत्ता कोरलेला होता, आणि तो डी-ड्राइव्हपासून सुरू होत होता. लिनक्सवर डी-ड्राइव्ह नसतो, पण वाइनच्या प्रिफिक्समध्ये डॉसडिव्हायसेस नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ड्राइव्हच्या अक्षरांच्या नावाच्या सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे वळवणारे दुवे, असतात. तिथे डी नावाची एक लिंक करून ती संग्रहाच्या फोल्डरकडे वळवली, सेशन पुन्हा उघडले, आणि सोळाही ट्रॅक भरून आले. एका ओळीची ती लिंक म्हणजे या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला क्षण. वाजवताना आवाज तडतडत होता; लिनक्सच्या पल्स या ध्वनिसेवेच्या विलंबाची मर्यादा ६० मिलिसेकंद करणारा पर्यावरण-चल, म्हणजे कार्यक्रम सुरू करताना सोबत द्यायची सेटिंग, दिल्यावर तेही थांबले.

यानंतर शंका उरली ती ही : वाइनमधल्या संपादकाने बाहेर काढलेले मिश्रण आणि मूळ विंडोजवर काढलेले मिश्रण एकच आहे का? संग्रहात काही सेशनची जुनी, १६ बिटची अंतिम मिश्रणे होती. मी त्यांतल्या एका सेशनचे मिश्रण वाइनमध्ये पुन्हा काढले, सॉक्स या ध्वनी-साधनात एका फाईलीची लहर उलटी करून दुसरीत मिसळली आणि उरलेल्या आवाजाचा आयाम पाहिला. दोन्ही तंतोतंत सारखी असती तर शून्य यायला हवे होते. आले ०.००००६१. हा आकडा म्हणजे १६ बिटच्या सर्वांत लहान पायरीच्या बरोबर दुप्पट, कारण एक पायरी ३२,७६८ व्या हिश्शाची, म्हणजे सुमारे ०.००००३१ इतकी असते. वाइनने काही बिघडवले होते, की संपादक स्वतःच दर वेळी थोडे वेगळे देत होता? मी तेच सेशन वाइनमध्येच दोनदा काढले आणि त्या दोन प्रती एकमेकींतून वजा केल्या. पुन्हा तोच आकडा आला. संपादक १६ बिटवर उतरताना डिदर, म्हणजे हेतुपूर्वक घातलेला यादृच्छिक सूक्ष्म गोंगाट, मिसळत होता आणि तो दर वेळी वेगळा असतो. सेटिंगमध्ये डिदर बंद करून पुन्हा दोनदा काढले, तेव्हा वजाबाकी पूर्ण शून्य आली. जुन्या मिश्रणातला डिदर आता काढता येत नाही, पण फरक त्याच्याच मापाचा आहे, एवढे दिसल्यावर माझी खात्री पटली.

खात्री पटल्यावर वाइनमधल्या संपादकाकडून एकच काम करून घ्यायचे ठरवले. प्रत्येक सेशनचा प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह म्हणून बाहेर काढायचा. असे ट्रॅक आर्डरमध्ये, ऑडॅसिटीत किंवा पुढे जे काही येईल त्यात एकाखाली एक ठेवले की आपोआप जुळतात. कोणाला सेशन फाईल समजण्याची गरज उरत नाही. संपादनाचे कापे-जोड त्यात भाजले जातात आणि नंतर बदलता येत नाहीत, ही त्याची किंमत आहे, म्हणून सेशन फाईली आणि चालणारा प्रिफिक्स दोन्ही जपले. प्रिफिक्सचा एक टार केला आणि त्याच्या शेजारी वाइनची आवृत्ती, बसवलेली लायब्ररी, डी-लिंकचा पत्ता आणि विलंबाचा पर्याय असलेली साधी मजकूर फाईल ठेवली.

पडदा-मुद्रणे आणि शेवटची बांधणी

पडदा-मुद्रणांवर फार वेळ गेला नाही. त्या एव्हीआय फाईलींत टीएससीसी हा कोडेक, म्हणजे चित्र दाबण्या-उलगडण्याची पद्धत, होता, आणि तो एफएफएमपेगला उलगडता येतो. लॉसलेस म्हणून मी त्यांतली एक एफएफव्ही१ या दुसऱ्या कोडेकमध्ये नेऊन पाहिली, तर ती मूळपेक्षा मोठी झाली. त्याचे कारण साधे आहे : टीएससीसी मागच्या चौकटीपासून जेवढे बदलले तेवढेच साठवते आणि शिकवणीच्या पडद्यावर बराच वेळ काहीच बदलत नाही, तर एफएफव्ही१ प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे पूर्ण साठवते. कॅमेऱ्याच्या चित्रफितीसाठी ते उत्तम आहे; इथे ते अस्थानी होते. मूळ एव्हीआय जशाच्या तशा ठेवल्या आणि पाहण्यासाठी साधी एच.२६४ प्रत शेजारी दिली.

अंतिम मांडणीत दोन भाग झाले. ज्याला वारंवार हात लागणार तो माल, म्हणजे फ्लॅक, वेवपॅक, वेगळे काढलेले ट्रॅक आणि चित्रफिती, स्क्वॉशएफएसच्या फक्त-वाचनीय प्रतिमांत बांधला. टारमधून एक फाईल काढायची तर सुरुवातीपासून वाचत जावे लागते. स्क्वॉशएफएसची प्रतिमा माउंट केली की ती साध्या फोल्डरसारखी दिसते आणि हवी ती फाईल तिथल्या तिथे उघडते. २००९ पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे, आणि जो खंड दाबून लहान होत नाही तो ते न दाबताच ठेवते, त्यामुळे आधीच दाबलेल्या ध्वनीवर ते व्यर्थ मेहनत घेत नाही. चुकून काही पुसले जाण्याची भीतीही उरत नाही. ज्याला क्वचितच हात लागणार ते तारीखवार बॅकअप मात्र टार आणि झेडस्टँडर्डमध्येच राहिले. चेकसमची यादी दोन्ही भागांच्या बाहेर, साध्या मजकुरात आहे.

तपासणी मी केली नाही. मुलीला जुना लॅपटॉप आणि ती मजकूर फाईल दिली आणि तीन गोष्टी शोधायला सांगितल्या : एक विशिष्ट मुद्रण, एका सेशनचा सातवा ट्रॅक, आणि एका बॅकअपातली ठरावीक तारखेची प्रत. पहिल्या दोन तिला काही मिनिटांत सापडल्या. तिसरीसाठी तिने मला विचारले, कारण नवा क्रम सेशनच्या नावाने लावलेला आहे हे मी मजकूर फाईलीत लिहायचे विसरलो होतो आणि ती तारखेचे फोल्डर शोधत बसली होती. ती ओळ त्याच संध्याकाळी घातली.

तीन सेशन मात्र अर्धवट राहिले. त्यांच्यातला आवाज एका परवानाबद्ध प्लगइनमधून जात होता, ते प्लगइन सुरू होताना बनवणाऱ्याच्या सर्व्हरकडे परवानगी मागते, आणि तो सर्व्हर आता उत्तर देत नाही. या तिन्ही सेशनचे कच्चे ट्रॅक आहेत, जुने अंतिम मिश्रणही आहे, पण त्या दोहोंमधली वाट पुन्हा चालता येत नाही. त्या प्रत्येक फोल्डरमध्ये प्लगइनचे नाव, त्याची आवृत्ती आणि मालकांना आठवतील तेवढी त्याची सेटिंग लिहून ठेवली आहेत. एका सेशनच्या बाबतीत त्यांना फक्त एवढेच आठवले की प्रतिध्वनी खोलीएवढा लहान ठेवलेला होता.